तळहातावरचा फोड : मुलाला सोडू न शकणाऱ्या आईवर थरारमालिका कशी लिहावी

फार जीव लावून वाढवलेल्या मुलाविषयी मराठीत म्हणतात, की त्याला तळहाताच्या फोडासारखे जपले. हा वाक्प्रचार आपण कौतुकाने वापरतो. पण मुलावर जीवघेणी मालकी सांगणाऱ्या आईवर मानसशास्त्रीय थरारमालिका लिहायला बसणाऱ्याने तो एकदा शब्दशः वाचून पाहावा. फोड म्हणजे इजा. तो जपायचा तर मूठ वळता येत नाही, त्या हाताने दुसरे काम होत नाही, सारे लक्ष त्या एका जागेकडे लागून राहते; आणि फोड बरा झाला, की जपण्याचे कारणच संपते. जिच्याविषयी आपल्याला लिहायचे आहे त्या आईला नेमके हेच नको असते. तिला फोड बरा व्हायला नको आहे. एवढे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, तर पुढचे कितीतरी निर्णय सोपे होतात.

हे मार्गदर्शन मी सहा ते दहा भागांच्या मर्यादित मालिकेपुरते ठेवले आहे, आणि त्याला कारण आहे. रोज चालणाऱ्या मालिकेत ही आई टिकत नाही. ट्रॅक लांबवायचा म्हणून तिला दर आठवड्याला नवे कारस्थान द्यावे लागते आणि पाहता पाहता ती ओळखीची खाष्ट बाई होते. दोन तासांच्या चित्रपटात उलटी अडचण येते, कारण तिथे तिला लवकर उघडी पाडावी लागते. आठ तासांची मालिका मात्र प्रेक्षकाला त्या घरात राहायला लावते. तिथले जेवण, तिथली औषधे, तिथली दारे यांची त्याला सवय होते, आणि या प्रकारच्या थराराचे खरे साधन ही सवयच आहे. घरातल्या मुलालाही तिची सवय झालेली असते. प्रेक्षक चार भाग ज्या गोष्टींना मान डोलावत आला, त्याच गोष्टींची पाचव्या भागात त्याला भीती वाटली, तर लेखकाचे काम झाले असे समजावे.

लिहिण्याआधी तीन अमेरिकी मालिका वही घेऊन पाहाव्यात. त्यांतील कथानकाचे महत्त्वाचे दुवे पुढे येणार आहेत, त्यामुळे ज्यांना त्या कोऱ्या मनाने पाहायच्या असतील त्यांनी आधी पाहून मग इथे परत यावे.

पहिली ‘बेट्स मोटेल’. ती २०१३ ते २०१७ या काळात पाच सीझन आणि ५० भाग चालली. १९६० च्या ‘सायको’ या चित्रपटात आई असते ती केवळ एक आवाज आणि एक प्रेत म्हणून. या मालिकेने तिला जिवंत केले, आजच्या काळात ओरेगॉनमधल्या एका काल्पनिक गावात आणून बसवले, आणि व्हेरा फार्मिगाने ती हसरी, घाबरट, चटकन रागावणारी आणि तितक्याच चटकन गळ्यात पडणारी बाई म्हणून उभी केली. पहिल्या भागाची बांधणी बारकाईने पाहावी. वडील वारल्यानंतर आई मुलाला घेऊन नव्या गावात येते आणि तिथले एक मोटेल विकत घेते. गावातल्या मुली त्याला बोलवायला येतात, आई नको म्हणते, आणि मुलगा खिडकीतून गुपचूप बाहेर पडतो. त्याच रात्री मोटेलचा आधीचा मालक घरात शिरून आईवर अत्याचार करतो. येथे लेखकांनी मुलाचा अपराधभाव आईच्या टोमण्यांवर सोडलेला नाही. घटनेनेच तो सिद्ध करून दिला आहे. मी बाहेर गेलो आणि आईवर हे ओढवले, ही गोष्ट त्या मुलाच्या दृष्टीने आता खरी आहे आणि ती कोणालाही खोडून काढता येत नाही. पुढच्या सगळ्या सीझनचा पाया त्या एका रात्रीत घातला गेला आहे.

दुसरी ‘शार्प ऑब्जेक्ट्स’, २०१८ मधील आठ भागांची मालिका. सर्व भागांचे दिग्दर्शन जाँ-मार्क व्हाले यांचे. सेंट लुईसची एक पत्रकार मिझुरीतल्या आपल्या लहानशा गावी, दोन मुलींवर ओढवलेल्या प्रसंगाची बातमी करायला परतते आणि आईच्याच घरी उतरते. पॅट्रिशिया क्लार्कसनने साकारलेली ही आई कधी आवाज चढवत नाही. तिच्या प्रेमाला मात्र एक अट आहे: मुलीने आजारी असले पाहिजे आणि आईच्या हातचे औषध निमूटपणे घेतले पाहिजे. थोरलीने लहानपणी ते नाकारले, म्हणून तिच्या वाट्याला माया आली नाही. मधलीने ते घेतले आणि ती मेली. ज्या मुलीला प्रेम मिळाले ती जगली नाही आणि जी जगली तिला ते मिळाले नाही, ही या मालिकेची खरी गाठ आहे आणि तिच्यापुढे खून कोणी केले हा प्रश्न मला तरी दुय्यम वाटतो. पार्श्वसंगीताकडेही लक्ष द्यावे. संगीत बहुतेक वेळा दृश्यातल्याच एखाद्या यंत्रातून येते, विशेषतः सावत्र वडिलांच्या उंची ध्वनियंत्रणेतून. घरात काय चालले आहे ते ऐकू येऊ नये म्हणून ते संगीत ऐकत बसतात.

तिसरी ‘द ॲक्ट’, २०१९ मधील, तीही आठ भागांची, आणि घडलेल्या प्रकरणावर आधारलेली. मिझुरीतल्या स्प्रिंगफील्ड येथे डी डी ब्लँचर्ड या आईने आपली मुलगी जिप्सी रोझ हिला अनेक गंभीर आजार असल्याचे वर्षानुवर्षे जगाला पटवून दिले होते. चालता येत असताना व्हीलचेअर, पोटातून अन्न देणारी नळी, भादरलेले डोके, असा सारा संसार तिने मांडला होता. २०१५ मध्ये मुलीने आपल्या मित्राकरवी आईचा खून करवला. तिला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती सुटली. या प्रकरणातला एक तपशील लेखकाने कधी विसरू नये. आईने मुलीचे वयसुद्धा चोरले होते. ती आहे त्यापेक्षा लहान असल्याचे सांगितले जाई. मुलगी सज्ञान झाली की ती कायद्याने स्वतःची होते, म्हणून आईने कागदावरचे वर्षच मागे ढकलले. विष, कुलूप आणि सुरी यांच्यापेक्षा मला हे अधिक भयंकर वाटते.

आता लिहायला बसावे. कथानकापासून सुरुवात करू नये. एक वस्तू निवडावी, जिच्यात काळजी आणि ताबा एकाच वेळी मावतील. उदाहरणादाखल मी एक वस्तू घेतो आणि शेवटपर्यंत तीच वापरतो: तापाची वही. आईने मुलीच्या जन्मापासून प्रत्येक तापाची नोंद एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवली आहे. तारीख, वेळ, किती ताप, कोणते औषध, रात्री किती वेळा उठली, सकाळी काय खाल्ले. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे आणि ही चौथी वही चालू आहे.

ही वही पहिल्या भागात दिसली, तर प्रेक्षकाचे डोळे भरून यावेत. त्याला स्वतःची आई आठवावी, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत रात्रभर जागलेली. डॉक्टरांनी ती वही पाहून कौतुक करावे, शेजारणीने आपल्या सुनेला तिचा दाखला द्यावा. तिसऱ्या भागात तीच वही थोडी वेगळी दिसावी, कारण मुलीने कॉलेजच्या सहलीला जायचे ठरवल्यावर आई एक शब्दही न बोलता ती उघडून तिच्यासमोर ठेवते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. पाचव्या भागात मुलीला वहीत अशी एक नोंद सापडावी, की अमुक तारखेच्या रात्री ताप १०३, दोन वेळा उलटी. आणि तिला पक्के आठवावे, की त्या रात्री ती घरात नव्हतीच, शाळेच्या शिबिराला गेली होती. बस, एवढेच. किंकाळी नको, ढगांचा गडगडाट नको. एक तारीख आणि एक आठवण समोरासमोर ठेवावी, आणि प्रेक्षकाला आधीची सगळी पाने मनातल्या मनात पुन्हा चाळू द्यावीत.

वस्तू निवडताना एक कसोटी लावावी. त्या वस्तूचे पहिल्या दर्शनी कौतुक करणे कोणालाही शक्य असले पाहिजे. कुलूप, पट्टा, अंधारी खोली या गोष्टी पहिल्या क्षणापासून आपले म्हणणे सांगून टाकतात, म्हणून त्या निरुपयोगी आहेत. सोलून वाटीत दिलेले डाळिंबाचे दाणे चालतील. रोज रात्री निवत ठेवलेले हळदीचे दूध चालेल. मोबाइलचा पासवर्ड दोघींचा एकच असणे चालेल, कारण कित्येक घरांत तो तसा असतोच.

वस्तूनंतर भाषा. मराठीने लेखकाच्या हाती या विषयासाठी एक असे साधन दिले आहे, जे अनेक भाषांतल्या लेखकांना मिळत नाही, आणि ते म्हणजे ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक. तान्ह्या मुलाला घेऊन दवाखान्यात आलेली आई सहज म्हणते, “आम्हाला कालपासून सर्दी आहे, आम्ही दूधच पीत नाही.” हे बोलणे गोड आहे आणि प्रत्येकाने ऐकलेले आहे. आता हेच वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलीशेजारी बसलेल्या आईच्या तोंडी घालून पाहावे. “डॉक्टर, आम्हाला रात्रभर झोप नाही. आम्हाला दही चालत नाही. आम्हाला गर्दीत भीती वाटते.” मुलगी शेजारीच आहे, तिला तोंड आहे, आणि तिच्या वाट्याचे ‘मला’ आईने उचलून नेले आहे. संवादात याहून वेगळे काही करावे लागत नाही. घरात दोघीच असताना हीच आई ‘आपण’ वापरेल: आपण उद्या कॉलेजला जायचे नाही, आपल्याला ते मित्र आवडत नाहीत, आपण असे कपडे घालत नाही. ‘आम्ही’ डॉक्टरांना बाहेर ठेवते, ‘आपण’ मुलीला आत ओढते.

म्हणून संपूर्ण पटकथेत मुलीच्या तोंडी ‘मी’ आणि ‘मला’ कुठे कुठे येतात याची वेगळी यादी करावी. पहिल्या चार भागांत ते जवळजवळ नसावेत. तिने अर्धी वाक्ये बोलावीत, आईकडे पाहून ती पूर्ण होऊ द्यावीत. आणि जेव्हा ती पहिल्यांदा, बहुधा अगदी क्षुल्लक गोष्टीवरून, दुकानदाराला किंवा बसच्या कंडक्टरला “मला एक द्या” असे म्हणेल, तेव्हा कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर असावा. आईशी मुलगी ‘तू’ म्हणूनच बोलेल, कारण मराठी घरात आई ‘तू’च असते, म्हणून भांडण मोठे झाले तरी तिच्या तोंडी ‘तुम्ही’ घालण्याचा मोह टाळावा. अंतर पडल्याची खूण म्हणून हाक बदलण्यापेक्षा हाक थांबवणे चांगले. एका संपूर्ण भागात मुलगी ‘आई’ हा शब्द उच्चारत नाही, हे प्रेक्षकाला नेमके सांगता येणार नाही, पण जाणवेल.

आईच्या तोंडी धमकी कधी लिहू नये. मी एकदा अशाच एका पात्रासाठी पहिल्या मसुद्यात “माझ्याशिवाय तू जगू शकणार नाहीस” असे वाक्य लिहिले होते, आणि मोठ्याने वाचल्यावर लक्षात आले, की त्या एका वाक्याने आईला उघडी पाडून पुढचे तीन भाग रिकामे केले आहेत. खोडून तिथे फक्त “जेवून जा” ठेवले. जेवून जा, पोचलीस की फोन कर, डब्यात पोळ्या जास्त ठेवल्या आहेत. या आईचे सगळे बोलणे खाणे, झोपणे आणि परत येणे यांभोवतीच फिरावे. तिला स्वतःला ती धोकादायक आहे हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असले तरी त्यासाठी तिच्याजवळ शब्द नसतो, म्हणून तो शब्द लेखकानेही तिला देऊ नये.

मग तिला कारण द्यायचे की नाही? द्यावे, पण उशिरा आणि अर्धवट. मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषक असलेले डोनल्ड विनिकॉट यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. तिचा मथितार्थ असा, की चांगली आई सुरुवातीला तान्ह्या मुलाची जवळजवळ प्रत्येक गरज भागवते आणि मग मुलाची ताकद वाढेल तशी हळूहळू कमी पडू लागते. दूध थोडे उशिरा येते, हाकेला लगेच ओ मिळत नाही, आणि त्या लहान लहान उणिवांतून मुलाला आपण वेगळे आहोत हे कळते. आपल्या मालिकेतली आई ही कमी पडायला तयार नसलेली आई आहे. हे समजले की तिच्या बालपणीचा एखादा मोठा आघात फ्लॅशबॅकमध्ये दाखवण्याची गरज बरीच कमी होते. कदाचित तिचे पहिले मूल तिच्या एका डुलकीत गेले असेल. कदाचित लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ‘मुलीची आई’ सोडून तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नसेल. यांतले एक निवडावे, सहाव्या भागात दोन वाक्यांत सांगावे आणि त्यावर रडणारे संगीत घालू नये. प्रेक्षकाला तिची दया आली पाहिजे, पण तिच्याविरुद्धचा पुरावा त्या दयेने पुसला जाता कामा नये.

मुलीचे पात्र लिहिताना बहुतेकांची मोठी चूक होते. तिला नुसती बळी दाखवतात, आणि मग प्रेक्षक दुसऱ्या भागातच विचारू लागतो, की ही पळून का जात नाही? याचे उत्तर दारावरच्या कडीत सापडणार नाही. तिला आजारी असण्यातून काहीतरी मिळते आहे, त्यात ते सापडेल. आजारी असताना आई हसते, गोष्ट सांगते, केसांतून हात फिरवते; बरी असताना घरात शांतता असते. मूल हा हिशेब फार लवकर शिकते. म्हणून एका भागात मुलीने स्वतःहून, आईने काही न करता, आजारी असल्याचे सोंग करावे, आणि ते प्रेक्षकाला समजावे. त्या क्षणी ती सहभागी होते आणि गोष्ट खऱ्या अर्थाने मानसशास्त्रीय होते. कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन यांनी अशा घरांचे वर्णन केले आहे, जिथे माणसांमधल्या सीमारेषाच पुसल्या गेलेल्या असतात आणि एकाला काही झाले की दुसऱ्याला ते स्वतःला झाल्यासारखे वाटते. त्या घरात पळून जाणे म्हणजे स्वतःचा एक अवयव तोडून जाणे असते, आणि मुलीची घालमेल त्याच मापाने लिहावी.

वडिलांविषयी थोडक्यात. त्यांना क्रूर करू नये आणि मारूनही टाकू नये. त्यांना घरात ठेवावे आणि गप्प ठेवावे. “आईला विचार” हे त्यांचे एकच वाक्य पुरते. आपल्या घरांत मुलांचे दुखणेखुपणे आईकडे सोपवून मोकळे होणारे वडील इतके सर्रास आहेत, की प्रेक्षकाला त्यात काही खटकणारही नाही. आणि सातव्या भागात पोलीस त्यांना विचारतील तेव्हा मुलीला कोणती औषधे चालू होती हे त्यांना सांगता येणार नाही.

बाहेरून येऊन संशय घेणारे पात्र लागतेच. ते शक्यतो परिचारिका, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ किंवा कॉलेजची मैत्रीण असावे, म्हणजे ज्याच्या बोलण्याला घरात किंमत नाही असे कोणी. मोठा डॉक्टर संशय घेऊ लागला तर गोष्ट लवकर मिटते.

वैद्यकाचा भाग मात्र निष्काळजीपणे लिहिता येणार नाही. स्वतःच्या आजाराच्या खोट्या कहाण्या घेऊन रुग्णालये पालथी घालणाऱ्या रुग्णांना रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५१ मध्ये मुंचाउसेन हे नाव दिले. १९७७ मध्ये रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञांनी दोन मुलांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या एकीत आई मुलीच्या लघवीच्या नमुन्यांत फेरफार करत होती आणि दुसरीत मुलाला मीठ दिले जात होते. तेव्हापासून ‘मुंचाउसेन बाय प्रॉक्सी’ हे नाव रूढ झाले. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथात त्याचे नाव दुसऱ्यावर लादलेला बनावट विकार अशा अर्थाचे आहे, आणि तिथे एक गोष्ट स्पष्ट केली आहे, की हे निदान लादणाऱ्याचे असते, ज्याच्यावर लादले गेले त्याचे नव्हे. पटकथेत एखादे डॉक्टर पात्र मुलीला हे नाव चिकटवत असेल, तर ती चूक आहे.

याच हकिगतीचा दुसरा भाग वाचल्याशिवाय कोणीही या विषयावर लिहू नये असे मला मनापासून वाटते. त्याच मेडो यांनी पुढे सॅली क्लार्क या ब्रिटिश आईविरुद्धच्या खटल्यात साक्ष दिली. तिची दोन तान्ही मुले दगावली होती. अशा घरात दोन तान्ही मुले कारण न कळता अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक इतकीच आहे, असा आकडा त्यांनी न्यायालयापुढे ठेवला. तो चुकीचा होता, कारण एकाच घरातले दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र धरून नुसता गुणाकार केला होता. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे त्यावर आक्षेप घेतला. १९९९ मध्ये दोषी ठरलेली ती आई २००३ मध्ये निर्दोष सुटली आणि २००७ मध्ये मरण पावली. आईवर संशय घेणे ही नाट्यासाठी सोपी गोष्ट आहे. तो संशय चुकीचा निघू शकतो, ही जाणीव पटकथेत कुठेतरी जिवंत असली पाहिजे. तुमच्या संशय घेणाऱ्या परिचारिकेने पूर्वी एकदा एका निरपराध आईवर असाच संशय घेतला होता, असे केले तर तिचा प्रत्येक निर्णय जड होईल आणि प्रेक्षकही लवकर निकाल देणार नाही.

औषधांची नावे, मात्रा आणि ती कशात मिसळली हे पडद्यावर दाखवू नये. बाटलीचा रंग, चमच्याचा आवाज, मुलीचे गिळणे एवढ्याने भीती पूर्ण होते, आणि कोणाच्या घरी त्याची नक्कल होण्याचा धोका राहत नाही.

गोष्ट महाराष्ट्रात घडवणार असाल तर इथल्या व्यवस्थेची रचना समजून घ्यावी, कारण ती कथानकाला अनपेक्षित वळणे देते. अमेरिकेतल्या डी डी ब्लँचर्डने जुनी कागदपत्रे कटरीना वादळात नष्ट झाल्याचे सांगितले होते. आपल्याकडे वादळाची गरजच नाही. इथे रुग्णाची फाइल बहुतेक वेळा रुग्णाच्याच घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. आई डॉक्टर बदलते, हवे ते कागद पिशवीत ठेवते, नको ते काढते, आणि नव्या डॉक्टरला तेवढाच इतिहास दिसतो. ती पिशवी तापाच्या वहीची सख्खी बहीण आहे. कायद्याचे म्हणाल तर मूल १८ वर्षांखालचे असल्यास १०९८ ही हेल्पलाइन, जिल्ह्याची बाल कल्याण समिती आणि बाल न्याय कायदा, २०१५ मधले, मुलाशी क्रूरतेने वागण्याबद्दलचे कलम ७५ कथेत येऊ शकते. मुलगी १८ वर्षांपुढची असेल तर या दारांवर तिला उत्तर मिळणार नाही. मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातले, तक्रार केवळ प्रौढ पुरुषाविरुद्ध करता येईल असे बंधन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकल्यामुळे, मुलगी आईविरुद्धही संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. आपल्या मुलीचे वय एकोणीस ठेवण्याचे कारण हेच. ती कायद्याने स्वतंत्र आहे, आणि हे तिला पहिल्यांदा एका सरकारी कार्यालयातल्या बाकावर, अनोळखी बाईकडून कळते.

भागांची स्टेप आउटलाइन, म्हणजे दृश्यांचा क्रमवार आराखडा, करताना आईविषयीचे सत्य शेवटच्या भागासाठी राखून ठेवू नये. ते पाचव्यात, फार तर सहाव्यात प्रेक्षकाला कळू द्यावे. खरा ताण त्यानंतर आहे: मुलीला कळले आहे, आणि तिला त्याच ताटात जेवायचे आहे. आईला कळले आहे, की मुलीला कळले आहे, आणि ती तरीही पोळीवर तूप घालते आहे. या दोन भागांत संवाद निम्मे करावेत. जेवणाचे एक दृश्य सात मिनिटांचे लिहायला घाबरू नये.

शेवटी आईचे काय करायचे, यावर लेखक फार काळ अडून बसतात. तुरुंग, मृत्यू, रुग्णालय यांतले काहीही चालेल, कारण प्रेक्षकाचे लक्ष आता तिच्याकडे उरलेले नसते. ते मुलीकडे असते. म्हणून शेवटचे दृश्य मुलीचे लिहावे, आणि त्यात आईला आणू नये, तिचा आवाजही आणू नये. मुलगी वसतिगृहाच्या खोलीत आहे. तिला खरोखरीचा ताप आला आहे, एकोणीस वर्षांतला कदाचित पहिलाच असा ताप, जो कोणी मोजलेला नाही. खोलीतली दुसरी मुलगी सहज तिच्या कपाळावर हात ठेवते आणि म्हणते, “तुला ताप आहे.” त्या हाताखाली ती डोळे मिटते की हात बाजूला सारते, हे दोन्ही प्रकारे पूर्ण लिहून पाहावे. मग पटकथा पहिल्या पानापासून पुन्हा वाचावी, आणि ज्या शेवटासाठी पहिल्या भागातले एकही दृश्य बदलावे लागत नाही तो ठेवावा.